वाइन आणि व्हिस्कीचं वर्णन: 'स्मूथ आहे'च्या पुढे काय?

निमगोड (धागाकर्ती):

आपल्या खाणं-पिणं विभागात दर शनिवारी एखाद्या बाटलीचा फोटो पडतो. शेजारी चकलीची वाटी, खाली एकच ओळ: 'एकदम स्मूथ. घशाला लागत नाही, सकाळी डोकं धरत नाही.' हे घशाचं आणि डोक्याचं झालं. पेल्यात काय होतं ते कुठेच येत नाही. दुसऱ्या टोकाला बाटलीच्या पाठीवरचा मजकूर असतो: ब्लॅककरंट, सीडारचं लाकूड, सिगारची पेटी. तो वाचून दुकानात उभा असलेला माणूस शेवटी किंमत बघूनच बाटली उचलतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की एकच पेला समोर ठेवून कुणालाही धड काही सांगता येत नाही. दोन पेले शेजारी ठेवले की अगदी नवख्यालाही येतं. पेला कसा धरायचा, किती वेळा फिरवायचा, डोळे मिटायचे की नाही, हे सगळं नंतरचं.

सगळ्यात सोपी जोडी नाशिकची. एक सोविन्यों ब्लाँ आणि एक शेनिन ब्लाँ. दोन्ही पांढऱ्या, एकाच कंपनीच्या मिळाल्या तर उत्तम, किमतीतही फार अंतर नसतं. दोन्ही सारख्याच गार करा, पण फ्रिजमधून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं बाहेर राहू द्या. बर्फगार वाइनचा वास वरच येत नाही. पेला एक तृतीयांशच भरा. आधी न फिरवता नाक घाला, मग फिरवून.

ढोबळी मिरची चिरताना देठाजवळ जो हिरवा वास सुटतो, तो सोविन्यों ब्लाँमध्ये बहुतेकांना सापडतो. लेखकाने काव्य केलं म्हणून नव्हे. ढोबळी मिरचीतलं मेथॉक्सिपायराझिन या द्राक्षातही असतं, आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला पुरतं. द्राक्ष पिकत जाईल, ऊन खाईल, तसं ते कमी होतं. त्याच्या मागून पेरू येतो. मऊ झालेला नाही, दाताखाली कडक लागणारा. तोही उगाच नाही: ज्या गंधकयुक्त संयुगांमुळे हा वास येतो ती पेरूतही असतात.

आता शेनिनकडे वळा. मिरची गायब. सफरचंद, नासपती, थोडासा मध. जिभेवर किंचित गोडी, कारण आपल्याकडे शेनिन बऱ्याचदा थोडी साखर शिल्लक ठेवून करतात. हीच शेनिन एकटी प्यायलात तर 'फळांचा वास, गोडसर' यापलीकडे गाडी जाणार नाही. सोविन्यों शेजारी होती म्हणून 'हिरवा वास अजिबात नाही' हे वाक्य मिळालं. काय नाही ते लिहिणं हेही वर्णनच.

दुसरा प्रयोग: नाकपुड्या चिमटीत घट्ट धरून घोट घ्या. आंबट, गोड, कडू, जिभेवरचा तुरटपणा आणि अल्कोहोलची ऊब, बस. मिरची नाही, पेरू नाही. चिमूट सोडली की सगळं एकदम येतं. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा हिस्सा घशाच्या मागून नाकात चढणारा वास असतो. (जिभेच्या टोकाला गोड, कडेला आंबट असा शाळेतला नकाशा विसरा. सगळ्या चवी सगळीकडे लागतात.)

रेडमध्ये शिराझ आणि कॅबरने सोविन्यों अशी जोडी लावा. इथे वासाइतकीच तोंडातली पकड महत्त्वाची. टॅनिन या तुरट द्रव्यामुळे हिरड्या आवळतात. जांभळं खाल्ल्यावर किंवा कच्च्या सुपारीने तोठरा बसतो त्याच जातीचं. तो कुठे लागतो, किती वेळ राहतो, घोट गेल्यावर तोंडाला पाणी सुटतं की तोंड कोरडं पडतं, एवढं लिहिलंत तरी वाचणाऱ्याला मटणाबरोबर ती चालेल का याचा अंदाज येतो.

शेवटची विनंती: आठवणी कमी लिहा. 'आजीच्या माजघराचा वास' वाचायला छान वाटतं, पण तुमच्या आजीचं माजघर मी पाहिलेलं नाही. त्या माजघरात काय होतं ते लिहा: कढवलेलं तूप, जुनी गोणपाटं, रॉकेल. ते मला माझ्या पेल्यात शोधता येईल. व्हिस्कीबद्दल जाणकारांनी भर घालावी, माझा हात तिथे तोकडा आहे.

&nbsp;

पंचपाळं:

वाचनखूण साठवली. पहिल्या पावसाच्या मातीचा वास लिहिणाऱ्यांनाही हे सांगा. प्रत्येक बाटलीत कसा येतो हा पाऊस?

&nbsp;

खडूस_काका:

लेख चांगला, मुद्दा पटला नाही. २००१ साली फ्रान्सच्या बोर्दोमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग मिसळून दिला, आणि पठ्ठ्यांनी बेधडक रेडची विशेषणं लावली. पुढे कॅलिफोर्नियाच्या स्टेट फेअरमधल्या वाइन स्पर्धेत वाइनरीमालक रॉबर्ट हॉजसन यांनी परीक्षकांना न सांगता एकाच बाटलीतली वाइन तीन-तीनदा पाजली. तिन्ही वेळा एकाच पदकाच्या पट्ट्यात गुण देणारे निघाले दहात साधारण एक. हे पट्टीचे परीक्षक. आणि तुम्ही आम्हाला देठाजवळची मिरची शोधायला लावताय. हलकं घ्या, पण उत्तर द्या.

&nbsp;

दिंडोरी_डायरी:

काका, उत्तर मी देतो. वाइनरीच्या प्रयोगशाळेत नोकरी आहे, त्यामुळे हा प्रश्न दर हंगामात कुणीतरी विचारतोच.

बोर्दोच्या प्रयोगात 'ही लाल की पांढरी?' असं कुणी विचारलंच नव्हतं. आधीच्या बैठकीत त्या मुलांनी खरी पांढरी आणि खरी लाल हुंगून वर्णनाचे शब्द लिहिले होते. पुढच्या बैठकीत एक पांढरी आणि तीच पांढरी लाल रंगवलेली, असे दोन पेले ठेवले आणि विचारलं की यातला प्रत्येक शब्द कुठल्या पेल्यात जास्त जाणवतो. दोन्ही पेल्यांत वास एकच. मग फरक करायला उरला काय? रंग. डोळा नाकाला ओढून नेतो हे त्यातून पक्कं सिद्ध होतं. वासात काहीच नसतं हे नाही सिद्ध होत. आणि ते विद्यार्थी होते, मुरलेले परीक्षक नव्हेत. उपाय सोपा आहे: पेल्याला बाहेरून कागद गुंडाळा किंवा काळा पेला घ्या. घरी दुसऱ्याला ओतायला सांगा, एवढंही पुरतं.

हॉजसन यांचं काम मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. तीस-तीस वाइन एका दमात चाखून शंभरपैकी गुण द्यायचे म्हटल्यावर दुसरं काय होणार? पण ते गुणांबद्दल आहे. ९१ की ८७ हे उद्या बदलेल. मिरचीचा वास आहे की नाही हे इतकं बदलत नाही, आणि मशीन लावून मोजताही येतं.

आता निमगोडताईंच्या मुद्द्यात भर. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात ॲन नोबल नावाच्या प्राध्यापिका होत्या. १९८४ मध्ये त्यांनी वाइनच्या वासांचं चक्र मांडलं. मधे ढोबळ गट, बाहेर नेमके वास. त्यात 'मोहक', 'डौलदार', 'संतुलित' असले शब्द जाणूनबुजून नाहीत. चक्राचं पोस्टर सगळे भिंतीला लावतात, पण त्याच्या जोडीची खरी शिकवण कुणी करत नाही: स्वस्तातली, फारसा वास नसलेली वाइन घ्यायची, छोट्या पेल्यांत ओतायची आणि एकात ढोबळी मिरचीचा तुकडा, एकात दोन-तीन ठेचलेले मिरीचे दाणे, एकात लवंग असं टाकून थोडा वेळ झाकून ठेवायचं. मग हुंगून नाकाला सवय लावायची. आमच्याकडे नव्या पोरांना आम्ही हेच करायला लावतो. आमसूल, जांभूळ, सुकं खोबरं, मेथीदाणे अशी आपली भर घालून. मिरचीचा तुकडा नखाएवढाच घ्या आणि लवकर काढा, नाहीतर संध्याकाळभर दुसरं काही हुंगता येत नाही.

शिराझमधल्या मिरीचीही अशीच गोष्ट. रोटंडोन नावाच्या ज्या संयुगामुळे तो वास येतो, तेच काळ्या मिरीत असतं. ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००८ मध्ये ते पकडलं. पण त्यांच्या चाचणीत पाचातल्या साधारण एकाला हा वास येतच नव्हता, भरपूर मात्रा देऊनही. त्यामुळे नवरा 'मिरी' म्हणतोय आणि बायको 'कुठाय मिरी?' म्हणतेय तर दोघंही खरं बोलत असू शकतात. भांडू नका.

आणि एक आपल्याकडचं. वेलीची वर्षात दोनदा छाटणी होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी. युरोपात द्राक्ष थंडीकडे जाताना पिकतं, आपलं जानेवारी ते मार्च, म्हणजे उन्हाळ्याकडे जाताना. फेब्रुवारी संपत आला की साखर भराभर चढते आणि आम्लता उतरते. तोडणी आठवडाभर पुढे गेली तर मिरची जाते, पण आंबटपणाही जातो आणि वाइन पेल्यात बसकण मारते. लवकर तोडली तर नुसतीच मिरची. हिरवा वास किती ठेवायचा हा आमचा दर जानेवारीतला वाद आहे.

&nbsp;

खडूस_काका:

मशीनचा मुद्दा नोंदवला. गुणांवर विश्वास नाही म्हणता तर पदकांचे गोल स्टिकर बाटलीवर कशाला लावता?

&nbsp;

दिंडोरी_डायरी:

विक्री विभागाला विचारा. माझं टेबल वेगळं आहे.

&nbsp;

लीथकर:

एडिनबराहून. व्हिस्कीची बाजू मी थोडी मांडतो.

व्हिस्कीत पहिली अडचण अल्कोहोलची. वाइनसारखं नाक पेल्यात खुपसलंत तर नाक सुन्न होतं आणि पुढचा अर्धा तास काही कळत नाही. पेला हनुवटीशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा, हळूहळू वर आणा. ट्युलिपच्या आकाराचा पेला असला तर बरं. इथे २००१ पासून मिळणारा ग्लेनकेर्न पेला घराघरात असतो. नसेल तर वाइनचा छोटा पेला चालेल. आपल्याकडचा रुंद, जाड बुडाचा ग्लास बर्फासाठी ठीक. त्यातून वास सगळा बाहेर सांडतो.

मग पाणी. 'नीट'च (पाणी न घालता) प्यायची असा मर्दानगीचा एक प्रकार असतो, तो सोडा. इथले ब्लेंडर, म्हणजे वेगवेगळ्या पिंपांतल्या व्हिस्की जुळवणारे लोक, हुंगायची व्हिस्की पाणी घालून २० टक्क्यांच्या आसपास आणतात. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकावर रेणूंची हालचाल तपासली: धुराचा वास देणारं ग्वायाकोल कडक मद्यात आत दडून राहतं, आणि पाणी घालून तीव्रता ४५ टक्क्यांच्या खाली आली की पृष्ठभागाशी येतं, म्हणजे नाकाच्या जवळ. थेंब थेंब घाला, दर वेळी हुंगा. कुठे थांबायचं ते नाक सांगतं.

जोडी लावायची तर टोकाची लावा. एक स्कॉटलंडच्या आयला बेटावरची धुरकट, लाफ्रॉइग किंवा आर्डबेग, आणि एक तिथल्याच स्पेसाइड भागातली बिनधुराची. धूर येतो पीटमधून: दलदलीतली हजारो वर्षं दबलेली वनस्पती, वाळवून जाळतात आणि तिच्या धुरात बार्ली सुकवतात. लाफ्रॉइगबद्दल लोक 'इस्पितळ' म्हणतात. मी पहिल्यांदा चाखली तेव्हा मला दिसला तो जुना लाल लाइफबॉय साबण. पुढे कळलं की तो कार्बोलिक साबण, म्हणजे फिनॉलचाच. आणि पीटच्या धुरातही फिनॉल, क्रेसॉल ही मंडळी असतात. एकाच घराण्याचे वास.

पीटचे आकडे बघून फुशारक्या मारणाऱ्यांसाठी: आर्डबेगचे ५५ पीपीएम (दहा लाख भागांत ५५ भाग फिनॉल) वगैरे जे सांगतात ते सुकवलेल्या बार्लीतलं मोजमाप असतं. गाळताना आणि पिंपात मुरताना त्यातलं बरंच निघून जातं. बाटलीत किती उरलं हे त्यावरून कळत नाही.

उरलेलं बरंचसं काम लाकडाचं. बर्बन ही अमेरिकन व्हिस्की कायद्याने नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं स्वस्तात स्कॉटलंडला येतात. त्यातून व्हॅनिला आणि सुकं खोबरं. शेरीची पिंपं असतील तर मनुका, खारीक, अक्रोडाची साल. रंग बघून भुलू नका; स्कॉचमध्ये साखरेचा जळका रंग घालायला परवानगी आहे. आणि पेल्याच्या कडेने उतरणाऱ्या रेघा मुख्यतः अल्कोहोलचा खेळ, दर्जाचा त्यांच्याशी काही संबंध नाही.

&nbsp;

निळी_छत्री:

मी पीत नाही, पण धागा अथपासून इतिपर्यंत वाचला. वीस-तीस पेले चाखून ही माणसं घरी कशी जातात?

&nbsp;

दिंडोरी_डायरी:

थुंकतो आम्ही. टेबलावर बादली असते. पहिल्या दिवशी लाज वाटते, दुसऱ्या दिवशी नेम साधतो. तरी तोंडातून थोडं शोषलं जातंच, म्हणून गाडी दुसरा चालवतो. न पिणाऱ्यांनी हुंगायच्या खेळात जरूर बसावं, त्यांचं नाक बऱ्याचदा आमच्यापेक्षा ताजं असतं.

&nbsp;

पुणेरी_पेग:

लीथकर, देशी सिंगल माल्टबद्दल लिहा की. की स्कॉटलंडात बसून आपल्याला नाव घेणं कमीपणाचं?

&nbsp;

लीथकर:

अहो, उलट! बंगळुरूच्या अमृत कंपनीची सिंगल माल्ट (एकाच भट्टीतली, फक्त मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की) २००४ मध्ये बाजारात आली तीच ग्लासगोमध्ये, भारतात नंतर. स्कॉटलंडमध्ये पिंपातली व्हिस्की वर्षाला साधारण २ टक्के हवेत उडते, देवदूतांचा वाटा म्हणतात त्याला. बंगळुरूत हाच वाटा दहा टक्क्यांच्या वर जातो. तिथे बारा-पंधरा वर्षं ठेवायची म्हटलं तर पिंपच रिकामं होईल. म्हणून आपल्या माल्टवर वयाचा आकडा सहसा नसतो, आणि उष्णतेमुळे लाकूड लवकर उतरतं. अमृत फ्यूजन आणि एखादी साधी १२ वर्षांची स्पेसाइड शेजारी ठेवून बघा. फ्यूजनमध्ये भारतीय बार्लीबरोबर स्कॉटलंडची धुरावलेली बार्लीही आहे आणि ती ५० टक्क्यांची आहे, तेव्हा आधी पाणी घालून दोन्ही सारख्या पातळीवर आणा. मला फ्यूजनमध्ये गुळाचा पाक आणि सुंठ सापडते, धूर मागाहून. तुम्हाला काय सापडतं ते लिहा.

एक मात्र ध्यानात ठेवा. आपल्याकडे व्हिस्की म्हणून खपणारा बहुतेक माल मळीपासून काढलेल्या स्पिरिटवर बेतलेला असतो, त्यात थोडी माल्ट मिसळतात. युरोपात त्याला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. त्यात धान्याचा वास शोधत बसू नका. 'स्मूथ' हा शब्द तिथे ठीक आहे, कारण शोधण्यासारखं फारसं काही ठेवलेलंच नाही.

&nbsp;

पुणेरी_पेग:

शेवटचं वाक्य जिव्हारी लागलं. माझ्या कपाटात सध्या तेच आहे.

&nbsp;

सासष्टीकर:

सगळे स्कॉटलंड-फ्रान्स करून आले, आता जरा गोव्यात या. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी तिचं वर्णन आजही 'उग्र' या एका शब्दात उरकतात. पर्यटक नाक मुरडून लिंबू-सोड्यात बुडवतात.

एप्रिल-मेमध्ये या आणि जोडीच लावायची तर हुर्राक आणि फेणी लावा. एकाच रसाच्या दोन पायऱ्या. पिकून गळालेले काजूचे बोंडूच वेचायचे, झाडावरून तोडायचे नाहीत. ते चेचून रस काढतात, तो आपोआप आंबतो, मग भाटीवर, म्हणजे गाळायच्या भट्टीवर चढतो. पहिल्या धारेची ती हुर्राक, हलकी, हंगामापुरतीच. ती पुन्हा गाळली की फेणी. हुर्राकमध्ये ताज्या बोंडूचा रसरशीत वास असतो, थोडा अननसाकडे झुकणारा, आणि तोंडात बोंडूचाच तुरटपणा आल्याचा भास होतो. फेणीत फळ मागे सरतं. पिकून उतू गेलेला फणस, ओली काजूची साल, आणि शेवटी रबराजवळ जाणारं काहीतरी, जे चांगल्या फेणीत मला हवंच असतं. दक्षिणेकडे माडाचीही फेणी होते. ती शेजारी ठेवली तर 'उग्र' म्हणून दोघींना एका दावणीला बांधणं बंद होईल.

हुर्राकबरोबर लिम्का आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालायची रीत आहे, तीही मस्तच. पण पहिले दोन घोट कोरे घ्या.

&nbsp;

निमगोड (धागाकर्ती):

सासष्टीकर, 'उतू गेलेला फणस आणि रबर' हे वाचून मला पेल्यात काय शोधायचं ते कळलं. धाग्यात मला हेच हवं होतं.

काहींनी निरोपातून चखण्याबद्दल विचारलंय. चाखायचा पहिला अर्धा तास मसाला शेंगदाणे, शेव आणि बडीशेप दूर ठेवा. साधे पोहे-पापड, पाव किंवा बिनमिठाची बिस्किटं चालतील. उदबत्ती लावू नका, अत्तर लावून येणाऱ्याला खिडकीशी बसवा, आणि स्वयंपाकघरात त्याच वेळी सुकट भाजायला घेऊ नका. हा शेवटचा सल्ला आमच्या घरी झालेल्या वादातून आलाय.

आणि ओला पुठ्ठा किंवा बंद घरातल्या दमट गादीसारखा वास वाइनला आला तर तुमचं नाक ठीक आहे. ते बुचातून आलेलं टीसीए नावाचं संयुग. बाटली खराब, परत करा. दुकानात एप्रिलच्या उन्हात शोकेसमध्ये उभी ठेवलेली बाटली मात्र घेऊच नका, तिच्यातली फळं शिजलेली असतात.

&nbsp;

संपादक:

'आपल्याला किती पचते' या विषयावरचे सात प्रतिसाद उडवले आहेत. घरपोच पुरवठ्याची विचारपूस इथे करू नये.

&nbsp;

खडूस_काका:

शनिवारी चौघं बसतोय. सुनेला ओतायला सांगितलंय, पेल्यांना वर्तमानपत्र गुंडाळणार. निकाल इथेच टाकीन, मिरची सापडो न सापडो. एक प्रश्न: चार बाटल्या उघडल्यावर उरलेल्या वाइनचं काय करायचं?

&nbsp;

दिंडोरी_डायरी:

झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये, रेडसुद्धा. पांढरी तीनेक दिवस बरी राहते, रेड दोन-तीन. रोज थोडी चाखून बघा, फळ आधी जातं आणि आंबटपणा पुढे येतो, तेही लिहून ठेवा. नंतर रेड मटणात घाला. व्हिस्कीची काळजी नको, फक्त बाटली उभी ठेवा आणि उन्हात नको.